खानदेशातील स्वातंत्र्यविचार : साखळी, नाका आणि नववे परिशिष्ट

राज्यसंस्थेचा दंड, कायदा आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य या त्रयीविषयी मराठीत जे चिंतन झाले त्याचा आढावा घ्यावा, असा संपादकांचा आग्रह आहे. मिल आणि स्पेन्सर यांची ओळख, हायेकचा नियोजनावरील आक्षेप, रात्रीच्या पहारेकऱ्याएवढेच काम करणाऱ्या सरकारची कल्पना, ही सर्व सामग्री वाचकांच्या परिचयाची आहे असे गृहीत धरूनच मी पुढे जातो. या विषयावर लिहिणाऱ्या विद्वानांचा शिरस्ता असा की, प्रारंभ पुण्यात करावा, मध्य मुंबईच्या फोर्टात गाठावा आणि समारोप दिल्लीत उरकावा. वाटेत खानदेश लागलाच तर तो केळी आणि भरीत यांच्या निमित्ताने. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. महाराष्ट्रात सरकारी सक्तीचा प्रश्न ज्या मुलखाने अंगावर झेलला आणि म्हणून ज्याला त्याविषयी बोलण्याचा पहिला अधिकार आहे, असा मुलूख तापीच्या खोऱ्यात आहे.

याची पहिली साक्ष १८५२ सालची आहे. रयतवारीच्या नव्या मोजणीसाठी कंपनी सरकारचे अधिकारी साखळी घेऊन खानदेशात उतरले, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील कुणबी-पाटलांनी मोजणीच होऊ द्यायची नाही असा निश्चय केला, हजारोंचा जमाव जमला, आणि अखेर सरकारला फौज आणून म्होरके पकडावे लागले. ज्या रयतेला राज्यशास्त्राचा ग्रंथ ठाऊक नव्हता तिला एवढे मात्र नेमके कळले होते की, मोजणारा हात उद्या वसूल करणारा हात होतो. पुढे अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचे दिवस आले, आणि लगोलग १८६३ साली मुंबई सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करून तपासनीस नेमले. व्यापाऱ्यांच्या लबाडीला आळा घालण्याचा हेतू सांगून खरेदी-विक्रीत सरकारी माणूस उभा करण्याची ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

सातपुड्यातील भिल्लांची कहाणी याहून कठोर. धरणगावी १८२५ साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली, म्हणजे भिल्लांचाच बंदोबस्त भिल्लांकरवी करविला. आणि १८७८ च्या जंगल कायद्याने पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीला एका रात्रीत अतिक्रमण ठरविले. मालमत्तेच्या हक्काचा उद्घोष करणाऱ्या आमच्या पंथातील पुष्कळांना हा अध्याय आठवत नाही, याचे मला नेहमी वैषम्य वाटते. शहादे तालुक्यात १९७१-७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी जो लढा दिला तो समाजवादी मंडळींनी आपल्या खात्यावर जमा करून टाकला. परंतु हिरावलेली जमीन परत मागणे याहून शुद्ध मालमत्तेचा प्रश्न कोणता? त्याच काळात तिथल्या जमीनदारांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली पदरी लाठीवाले बाळगले होते, हेही विसरता कामा नये. दंड सरकारचा नसला म्हणून तो दंड नाही असे होत नाही.

पुण्याचा अध्याय मी झटपट ओलांडतो. संमतिवयाच्या १८९१ च्या वादात कायद्याचा हात घरात शिरू नये म्हणणारे टिळक आणि त्या कायद्यामागे उभे राहणारे आगरकर, यांपैकी स्वातंत्र्यवादी कोण, यावर शंभर निबंध लिहून झाले आहेत. माझे मत आगरकरांच्या बाजूला पडते. कारण ज्या बालिकेला ‘नाही’ म्हणण्याचे वयच आलेले नाही, तिच्या घराचे स्वातंत्र्य हे तिचे स्वातंत्र्य नव्हे.

फैजपूरला मात्र थांबले पाहिजे. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय तिथे आले होते. इतिहासाची गंमत अशी की, ज्या मांडवात शेतकऱ्यांसाठी सरकारने काय काय करावे याचा कार्यक्रम ठरत होता, त्याच मांडवात पुढे दहा वर्षांनी सरकार आणि पक्ष या दोहोंविरुद्ध व्यक्तीला उभे करणारा एक जण बसला होता. रॉय यांचा १९४६ चा नवमानवतावाद मराठीत आणणाऱ्या, पचविणाऱ्या आणि त्याला भारतीय तत्त्वपरंपरेची बैठक देणाऱ्या पंडितांत अग्रगण्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांचा जन्म १९०१ साली धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर येथे झाला, ही गोष्ट वाईचा अभिमान बाळगणाऱ्यांनी अधूनमधून उच्चारावी. माणूस हाच सर्व मूल्यांचा मापदंड, आणि राष्ट्र, वर्ग, धर्म हे समुदाय त्याच्यासाठी, तो त्यांच्यासाठी नव्हे, हा विचार घेऊन रॉयवाद्यांनी १९४८ साली आपला पक्षच विसर्जित केला. सत्तेवर अविश्वास बोलून दाखविणारे अनेक असतात. स्वतःची सत्ताकांक्षा मोडीत काढणारे विरळा. पुढे शास्त्रीबुवा सरकारी मंडळाचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचे थोर कार्य सरकारच्या अनुदानावर उभे राहिले, यावर काही कडवे लोक नाक मुरडतात. विश्वकोश वाचल्यावर त्यांनी ते मुरडावे.

दुसरा प्रवाह धुळ्याच्या तुरुंगातला. १९३२ साली विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु विनोबांचे ध्येय शासनमुक्त समाज हे होते, याचा उल्लेख त्यांचे भक्त जरा दबकतच करतात. जमिनीचा प्रश्न कत्तलीने, कानूनने किंवा करुणेने सुटू शकतो, आणि त्यांपैकी करुणाच खरी, असे म्हणताना त्यांनी कायद्याला कत्तलीच्या पंक्तीला बसविले, इतके धाडस आमच्या मुंबईकर मुक्तबाजारवाल्यांना कधी झाले नाही. मग त्याच विनोबांच्या नावावर आणीबाणीत ‘अनुशासन पर्व’ हे शब्द फिरले, आणि त्या शब्दांची सरकारने भिंतीभिंतींवर जाहिरात केली. ज्या शासनमुक्तीला शासनाला नकार देण्याची संस्था उभारता येत नाही, ती अखेर शासनाच्याच उपयोगी पडते, असा निष्कर्ष मी यातून काढतो. त्याच काळात रॉयवादी वि. म. तारकुंडे नागरी हक्कांच्या संघटना बांधत होते, ही तुलना बोलकी आहे.

मुंबईच्या स्वातंत्र्यवाद्यांविषयी थोडक्यात. एकेकाळी कम्युनिस्ट डांग्यांना हात देणारे रणछोडदास लोटवाला उतारवयात लिबर्टेरियन झाले आणि त्यांनी त्या नावाची संस्था व नियतकालिक चालविले, ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली मुक्त उद्योगाचे व्यासपीठ उभारले. १९५९ साली राजाजी, मसानी, रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला, ज्याने १९६७ साली लोकसभेत ४४ जागा जिंकल्या आणि १९७४ साली तो विलीन झाला. ही सारी माणसे प्रामाणिक आणि विद्वान होती. परंतु त्यांचे लेखन इंग्रजीत, श्रोते कोट घातलेले. महाराष्ट्राच्या गावात त्यांचा दिवा लागला नाही. त्या दिव्यात तेल घातले ते कापसाने.

एकाधिकार कापूस खरेदी योजना! आजच्या तरुणास या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागतो, म्हणून येथे सविस्तर लिहितो. १९७१ च्या कायद्यान्वये, १९७२ च्या हंगामापासून, महाराष्ट्रातील शेतकऱ्याने आपला कापूस सरकारच्या वतीने खरेदी करणाऱ्या पणन महासंघाखेरीज कोणालाही विकणे हा गुन्हा ठरला. हेतू थोर होता. व्यापाऱ्याच्या मापातून आणि कट्टीतून शेतकरी सोडवावा, असा. प्रत्यक्षात झाले ते असे की, केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा दिवस दिवस उभ्या, ग्रेडरच्या बोटावर कापसाची प्रत ठरायची, चुकारा हप्त्याहप्त्याने मिळायचा, आणि शेवटचा हप्ता येईतो पुढची पेरणी सावकाराच्या पैशाने झालेली असायची. खानदेशाची स्थिती आणखी विलक्षण, कारण रावेरहून बऱ्हाणपूर, शिरपूरहून सेंधवा, शहाद्याहून खेतिया हाकेच्या अंतरावर, आणि तिथे रोख भाव. त्यामुळे सीमेवर नाके बसले, आणि स्वतःच्या शेतातले बोंड घेऊन जाणारा शेतकरी तस्कर झाला. आमच्या भागातील एक वृद्ध कास्तकार नाक्यावर अडविल्यावर शिपायाला म्हणाला होता, ‘आपला कापूस, आपली गाडी, मंग पोलीस कसाले?’ स्वातंत्र्यावरील जे जे ग्रंथ मी पुढे वाचले, त्यांत या प्रश्नाहून नेमका प्रश्न मला आढळला नाही.

या प्रश्नाला सिद्धांताचे रूप दिले ते शरद जोशींनी. टपाल खात्यातील मोठा हुद्दा आणि बर्नच्या आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करणारा हा माणूस १९७९ साली शेतकरी संघटना उभी करतो, आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ एवढ्या पाच शब्दांत अनुदान आणि लूट या दोहोंना एकदम नकार देतो, ही मराठी विचारविश्वातील मोठी घटना होती. शेतकऱ्याचे दारिद्र्य आळसामुळे, अज्ञानामुळे किंवा निसर्गामुळे नाही, तर सरकारच्या धोरणामुळे आहे, निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी, एकाधिकार ही त्या धोरणाची हत्यारे आहेत, ही मांडणी त्यांनी सभांतून केली तेव्हा ओळ न वाचता येणारा श्रोता मान डोलवीत असे, कारण त्याच्या घरचा हिशेब कोणी प्रथमच जाहीर सांगत होता. मी त्या सभांत बसलो आहे, रात्री सतरंज्या गोळा केल्या आहेत, आणि संघटनेतच एकाधिकार सुधारावा की मोडावा यावर झालेल्या कडाक्याच्या चर्चा ऐकल्या आहेत. माझी बाजू तेव्हाही हीच होती की, योजना चांगली असेल तर शेतकरी आपल्या पायाने केंद्रावर येईल, आणि वाईट असेल तर नाक्याच्या बळावर ती चांगली होणार नाही. शेवटी २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मिळाली, ती तत्त्व पटल्यामुळे नव्हे, तिजोरी रिकामी झाल्यामुळे.

या चळवळीला दंडाची किंमत द्यावी लागली. निपाणीला ६ एप्रिल १९८१ रोजी तंबाखू-उत्पादकांवर गोळीबार होऊन बारा जण गेले; १० डिसेंबर १९८६ रोजी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सुरेगावला कापूस आंदोलनात तिघे. भाव मागणाऱ्यावर गोळी का चालावी लागते, याचे उत्तर एकच: तो भाव सरकारने आपल्या मुठीत धरून ठेवलेला असतो.

काही अभ्यासक जोशींना केवळ ‘भाववाले’ ठरवितात. त्यांना माझे एवढेच सांगणे की, त्यांनी चांदवडचे १९८६ चे महिला अधिवेशन आणि पत्नीच्या नावे स्वेच्छेने जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम पाहावी, आणि मग ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध पडलेले एकमेव मत पाहावे. १८६ विरुद्ध एक. तो एक जोशी. स्त्रीच्या नावावर सातबारा चढविणारा माणूस चक्राकार आरक्षणाला नकार देतो, यात विसंगती पाहणाऱ्यांना हक्क आणि वाटप यांतील अंतर कळलेले नाही. मत चूक ठरवा; एकट्याने उभे राहण्याचे मोल मात्र मान्य करा.

आता ज्या छंदापायी स्नेही मला टाळतात त्याकडे येतो. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने संविधानाला नववे परिशिष्ट जोडले गेले. त्यात घातलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या भंगाचा आक्षेप लागत नसे. जमीनदारी मोडण्याच्या सबबीने उघडलेल्या या कोठडीत आज २८४ कायदे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली, २४ एप्रिल १९७३ नंतर घातलेल्या कायद्यांना दाद मागण्याची वाट मोकळी केली. आधीचे मात्र तसेच राहिले. अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलनाचे कार्यकर्ते कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे हटवा म्हणून गावोगाव सांगत फिरतात, आणि शहरातील स्वातंत्र्यप्रेमी मंडळींना त्यांचा पत्ताही नसतो. तसेच १९८९ पासून राजकीय पक्षाला नोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते, म्हणजे समाजवाद न मानणाऱ्याने खोटे बोलूनच लोकशाहीत प्रवेश करावा, अशी ही तरतूद. स्वतंत्र पक्षाचे एस. व्ही. राजू तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले, त्यांचे स्मरण कोण करतो?

वर्तमानाविषयी लिहिताना लेखणी जड होते. २०२० चे तीन कृषी कायदे वटहुकुमाने आले आणि २०२१ साली रद्द झाले. बाजारस्वातंत्र्याची पुष्कळशी कलमे त्यांत होती, परंतु ज्याला मुक्त करायचे त्यालाच न विचारता मुक्ती देण्याची घाई सरकारला नडली. २०२३ साली कांद्यावर आधी ४० टक्के निर्यातशुल्क आणि मग निर्यातबंदी आली, तेव्हा नाशिकच्या कसमादे पट्ट्यापासून साक्रीपर्यंत शेतकरी पुन्हा तिथेच उभा राहिला. २०१५ च्या गोवंश कायद्याने म्हातारा बैल कत्तलीसाठी विकण्याचा हक्क गेला, आणि गुरांचा बाजार ओस पडला. तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे पेरणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात, आणि अकोल्यात २०१९ साली शेतकऱ्यांना सविनय कायदेभंगाने ते पेरावे लागले.

आणि आमचे आजचे मुक्तबाजारवाले? शेअरबाजार पडला की ते स्वातंत्र्य आठवतात. २०२५ च्या जुलैत विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केले, संघटनेला बेकायदा ठरविण्याचा अधिकार कार्यकारी सत्तेला दिला, त्यावर त्यांच्यापैकी बहुतेकांनी चकार शब्द काढला नाही, कारण त्या कायद्याचा रोख आपल्या विरोधकांवर आहे अशी त्यांची खात्री. उलट, त्या विधेयकाविरुद्ध घसा फोडणाऱ्या डाव्या मित्रांना कांद्याच्या निर्यातबंदीत सक्ती दिसत नाही. बाजाराचा अर्धा आणि विचाराचा अर्धा, असे स्वातंत्र्य वाटून घेतलेल्या या दोन पंथांत खानदेशी कास्तकाराला जागा नाही. त्याला दोन्ही अर्धे लागतात.

माझी जळगाव-धुळ्याच्या तरुणांना एकच विनंती आहे. येत्या निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही रंगाचा असो, दोनच प्रश्न विचारा: नववे परिशिष्ट रद्द करण्याच्या बाजूने आपण मत द्याल काय, आणि ज्या माणसाचे मत आपणास घृणास्पद वाटते त्याला विनाचौकशी डांबणाऱ्या कायद्याच्या विरोधात मत द्याल काय? दोहोंना ‘होय’ म्हणणारा उमेदवार भेटला तर त्याला मत द्या. न भेटला तर स्वतः उभे राहा.