चावी हाती येण्यापूर्वी

बार्शीच्या एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा सी.ए.च्या आर्टिकलशिपसाठी पुण्यास आला. दोन मित्रांसमवेत राहण्याजोगी एक सदनिका बिबवेवाडीत एजंटाने दाखविली. भाडे दरमहा 25,000 रुपये, अनामत 1,50,000 आणि दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी. जागा पाहून दहा मिनिटे होतात न होतात तोच एजंटाने बजावले, “संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे. शाकाहारी सोसायटी, जैन स्थानक पाच मिनिटांवर. अशी जागा पुन्हा मिळायची नाही. टोकन आत्ताच माझ्या खात्यावर टाका.” मुलाने घाबरून वडिलांना फोन लावला. तीस वर्षांत गठ्ठा उघडून पाहिल्याखेरीज माल न स्वीकारलेल्या त्या गृहस्थांनीही क्षणभर पैसे पाठविण्याचीच तयारी केली.

यात नवल नाही. परगावी एकट्या असलेल्या मुलाची काळजी भल्या भल्या व्यवहारी माणसाचा हिशेब चुकविते आणि एजंटाला ते पक्के ठाऊक असते. एजंट लबाडच असतो असे मुळीच नव्हे. परंतु त्याची दलाली सौदा जुळल्यावरच पदरात पडते, सौदा कसा जुळला यावर ती ठरत नाही. म्हणून घाई ही त्याची गरज आहे, भाडेकरूची नव्हे. शिवाय शाकाहारी शेजार, स्वयंपाकघराची सोय, स्थानक वा मंदिर जवळ असणे या आपल्या कुटुंबांच्या अपेक्षा पहिल्याच भेटीत उघड बोलल्या गेल्या, की त्यांचेच मोल लावले जाते. त्या सांगाव्यात, पण भाड्याचा आकडा ठरल्यानंतर.

सुदैवाने वडील सावरले. त्यांनी एजंटाला एवढेच सांगितले, “कराराचा मसुदा, विजेचे बिल आणि घरपट्टीची पावती पाठवा. उद्या दुपारी बाराला हो की नाही ते कळवितो.” आवाज न चढविता दिलेले, वेळ ठरवून दिलेले हे उत्तर दबावावर फार गुणकारी ठरते. खरा मालक कागद दाखवितो. मालकीची खात्री हवी असल्यास नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक 2 चा उताराही पाहता येतो. आणि पैसे द्यायचे ते कागदावर ज्याचे नाव आहे त्या मालकाच्याच खात्यावर, धनादेशाने किंवा बँकेमार्फत. एजंटाच्या खात्यावर केवळ दलाली जावी, तीही करार झाल्यावर.

मसुदा आला तो नोटरीच्या कागदावर करावयाचा. “अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही,” असे एजंटाचे म्हणणे. हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की शिकलेली माणसेही तो बिनदिक्कत सांगतात. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा अधिक. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

खर्चाचा बाऊही अनाठायी आहे. एकूण भाडे आणि अनामतीवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क पडते. वरील उदाहरणात ते सव्वासातशे रुपयांच्या आसपास येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये, वर किरकोळ शुल्क. घरबसल्या, आधारच्या पडताळणीने नोंदणी होते. लाखाच्या अनामतीपुढे हा खर्च तो काय!

वडिलांनी रात्री आणखी एक हिशेब मांडला. दीड लाखाच्या अनामतीवरील व्याज सात टक्क्यांनी धरले तरी महिन्याला 875 रुपये बुडतात. दलालीचे 25,000 अकरा महिन्यांत वाटले तर दरमहा 2,273. म्हणजे पंचवीस हजारांचे घर प्रत्यक्षात अठ्ठावीस हजारांवर जाते. त्यातच मसुद्यात सहा महिन्यांचे लॉक-इन होते, ‘रंगरंगोटीपोटी’ अनामतीतून एक महिन्याचे भाडे कापण्याची अट होती आणि भाडेकरू राहत असल्याबद्दल सोसायटी घेते तो आकारही भाडेकरूच्याच माथी मारला होता. हा आकार वस्तुतः मालकाचा असतो आणि राज्य शासनाच्या 2001 च्या आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही.

या अटी बदलण्यास मालक तयार झाला नाही. ती जागा गेली. दुसरी पार्टी खरोखरच होती. मुलगा दोन दिवस हिरमुसला. सहाव्या दिवशी नात्यातील एकाच्या ओळखीने मार्केट यार्डाजवळ घर मिळाले. भाडे 26,000, अनामत 75,000, दलाली नाही; हिशेबाने दरमहा सुमारे 26,440. करार नोंदविला गेला. चावी घेताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे, पंखे-गीझरची यादी आणि वीजमीटरचे वाचन दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवले. सोडतानाही याच यादीवर पाहणी करून चावी आणि अनामत एकाच बैठकीत द्यावी-घ्यावी, हेही तेव्हाच ठरले. अनामतीसाठी मुदतीनंतर जागा अडवून बसणे मात्र महागात पडते. कलम 24 नुसार अशा काळासाठी भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते.

सोलापुरात या व्यापाऱ्याचा स्वतःचा एक फ्लॅट चार वर्षांपासून भाड्याने दिलेला आहे. दर अकरा महिन्यांनी नवा नोटरी केलेला कागद, नोंदणी एकदाही नाही. पुण्याहून परतल्यावर तो कागद त्यांनी कपाटातून काढला, दोनदा वाचला आणि भाडेकरूला फोन करून येत्या रविवारी आधार कार्ड घेऊन यायला सांगितले.