विकीपानावरील कोडची रंगयोजना

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तो ज्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यात संगणकाचा कोड रंगीत दाखवण्यासाठी ‘सिंटॅक्सहायलाइट’ हे विस्तारक, म्हणजे मूळ प्रणालीला जोडलेला पूरक भाग, उपलब्ध आहे. कोडच्या आधी व नंतर कोनी कंसांत याच नावाचा टॅग लिहून ‘लँग’ या गुणधर्मात भाषेचे नाव दिले, की २०१५ पासून वापरात असलेली ‘पिग्मेंट्स’ ही पायथॉन लायब्ररी कोडचे तुकडे पाडते आणि राखीव शब्द, अवतरणातील मजकूर, टिप्पणी असे त्यांचे वर्ग ठरवते. रंग मात्र पानाची शैली सांगणारी सीएसएस देते.

उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्याचे नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे सहा तालुके लुआ या संगणकभाषेतील यादीत एकाच ओळीत लिहिले आणि ‘तळोदा’नंतरचे अवतरणचिन्ह राहून गेले, तर पुढचा स्वल्पविराम मजकुराच्या रंगात रंगतो, ‘अक्कलकुवा’ त्या रंगाबाहेर पडतो, आणि चूक नेमकी कोठे आहे हे वाचण्याआधीच दिसते.

रंग लेखनातील चूक दाखवतात, तर्कातील नव्हे; म्हणून नवसंपादकांनी असा कोड प्रथम धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, तपासून मगच मुख्य पानावर आणावा.