हिवाळी वाऱ्यांचे पूर्वानुमान : जामनेर ते मुंबई बेट

पौषात जामनेरच्या आकाशात ढग येऊन गेले आणि आकाश निवळले, की कांग नदीच्या काठी उत्तरेचा बोचरा वारा सुटतो व थंडीने केळीच्या बागांची वाढ खुंटते. त्याच सुमारास मुंबई बेटानजीकच्या समुद्रावर वायव्येचा वारा मच्छीमारांस धोक्याचा ठरू शकतो. या दोहोंचे मूळ बहुधा एकच असते.

भूमध्य समुद्राकडून इराणमार्गे येणारा पश्चिमी विक्षोभ पूर्वेकडे सरकला, म्हणजे त्याच्या पाठीमागे हवेचा दाब वाढतो. त्यायोगे समदाब रेषा एकमेकींजवळ येतात आणि सिंध, सौराष्ट्र व ईशान्य अरबी समुद्रावर वारे वेगाने वाहू लागतात. जानेवारी २०२२ मध्ये असेच घडले. २२ तारखेस कराचीत सोसाट्याचा वारा होता. त्याबरोबर आलेली धूळ २३ तारखेस मुंबईवर पसरली आणि दुपारचे तापमान एकाएकी उतरले.

विक्षोभाची चाहूल काही दिवस आधी लागते. मग पूर्वानुमान अवघड का? याचे एक उत्तर अक्षांशात आहे. पृथ्वीच्या भ्रमणामुळे वाऱ्यास वळविणारा प्रभाव विषुववृत्ताकडे क्षीण होत जातो. मुंबईच्या १९ अंशांवर तो ४१ अंशांवरील प्रभावाच्या सुमारे निम्मा असतो. म्हणून दाबातील फरक तेवढाच असला, तरी येथे वाऱ्याचा वेग, सिद्धान्ततः, जवळजवळ दुप्पट येतो. अर्थात दाबाच्या मापनातील लहानशी चूकही वेगाच्या अंदाजात दुपटीने उतरते. खुल्या समुद्रावर वेधशाळा विरळ असल्याने लाटांच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या रडारलहरींच्या आधारे वारा मोजणारे उपग्रह येथे उपयोगी पडतात. भारताचे ओशनसॅट-२ (२००९) व ईओएस-०६ (२०२२) हे त्याच प्रकारचे होत.

दुसरी अडचण किनाऱ्याची. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा वायव्येच्या वाऱ्यास बळ देतो. उलट रात्री जमिनीवरून वाहणारा मतलई वारा किनाऱ्यालगत त्यास रोखून धरतो. त्यामुळे पहाटे बंदरात पाणी संथ दिसते आणि काही मैलांवर समुद्र खवळलेला असतो. पहाटेची ही शांतता म्हणजे धोका टळल्याची खूण नव्हे. वेधशाळेचा इशारा बंदरातील वाऱ्याविषयी नसून होडी जेथे पोहोचणार तेथील वाऱ्याविषयी असतो, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.