रिकाम्या भांड्याचा धडा

अंधारात काढलेल्या छायाचित्रावर वाळू भुरभुरल्यासारखी का दिसते? कॅमेऱ्यातील सेन्सरच्या प्रत्येक घरात प्रकाशाने विद्युतभार साठतो. तो अत्यल्प, म्हणून वर्धकाने वाढवावा लागतो. पण वर्धक संकेतासोबत गोंगाटही फुगवतो. आवाज चढवला की वर्गातला गलका दबेल, हा आम्हां शिक्षकांचा भ्रमही असाच.

उपाय वाण्याचा आहे. तेल देण्यापूर्वी तो रिकाम्या भांड्याचा धडा करतो. येथेही भार मोजण्याचा कप्पा रिकामा होताच त्याची पातळी टिपतात, भार आल्यावर पुन्हा टिपतात आणि वजाबाकी करतात. रिकामे करताना दर खेपेस निराळी राहणारी चूक या दोन्ही मापांत एकच असल्याने नाहीशी होते. व्हाइट व सहकाऱ्यांनी ही रीत १९७४ साली प्रसिद्ध केली.

शेजारच्या वाहिनीतून झिरपणारा संकेत मात्र असा जात नाही; त्यासाठी दोन तारांमध्ये स्थिर विद्युत्दाबाची तिसरी तार आडोशाला घालतात.