दाढेचा रोजा आणि खजुराच्या बिया

असरची नमाज झाली की रमजानच्या घरात दोन जणांची पंचाईत होते. एक, भजी तळता तळता घड्याळाकडे बघणारी आई. दुसरे, ‘अम्मी, अजून किती वेळ?’ असे दर पाच मिनिटांनी विचारणारे तिचे पाच-सहा वर्षांचे पोर. आईचा रोजा असतो. पोराचा बहुधा नसतो, पण त्याला तो हवा असतो. घरातले सगळे पहाटे सहरीला उठतात, रात्री तरावीहला जातात, मग आपल्यालाच का वगळले, हे त्याला पटत नाही.

रोजा फर्ज होतो तो वयात आल्यावर. तरी दर रमजानला गावोगावच्या वर्तमानपत्रांत चिमुकल्यांचे फोटो येतात: अमक्याने पाचव्या वर्षी पहिला रोजा पूर्ण केला. कौतुक जरूर करावे. पण शेजारच्या मुलाचा फोटो आला म्हणून आपल्याही मुलाला उन्हाच्या दिवसांत सूर्यास्तापर्यंत पाण्यावाचून ठेवायचे, यात शहाणपण नाही. तोंड सुकले, डोके दुखू लागले तर रोजा तिथेच सोडवावा. लहान मुलावर त्याचा गुन्हा नाही.

जुन्या बायकांनी यावर गमतीदार तोड काढली होती, ‘दाढेचा रोजा’. आज तुझ्या डाव्या दाढेचा रोजा, खायचे ते फक्त उजव्या दाढेने. मूल इतक्या गंभीरपणे एका बाजूने चावत बसते की जेवण निमूटपणे पोटात जाते आणि रोजाही ‘पुरा’ होतो. दुसरा ‘चिडिया रोजा’, म्हणजे चिमणीएवढा. नाश्ता झाल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत. हौस असेल तर दिवसात दोन होतात. तुर्कस्तानातही मुलांचा दुपारपर्यंतचा रोजा असतो, तिकडे त्याला ‘तेकने ओरुजू’ म्हणतात. असा छोटा रोजा ठेवणाऱ्यालाही संध्याकाळी दस्तरखानवर मोठ्यांच्या रांगेत बसवावे आणि खजूर पहिल्यांदा त्याच्या हातात द्यावा.

मुलांना खेळात गुंतवणे म्हणजे धर्मात ढिलाई, असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी ‘सहीह बुखारी’तली एक आठवण वाचावी. रुबय्यि बिन्त मुअव्विज या सहाबी महिला सांगतात की आशुऱ्याच्या रोजाला त्या मुलांनाही सामील करून घेत आणि त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी बनवत. मूल खाण्यासाठी रडू लागले की इफ्तारपर्यंत हातात खेळणे देत. चौदाशे वर्षांपूर्वीच्या मदिनेतल्या आयांनाही हा शेवटचा तास जड जात होता तर!

या तासाला महागडे काही लागत नाही. सब्जाचे चमचाभर बी वाटीत भिजत घालावे. काळ्या दाण्याभोवती पांढरे कवच फुगताना बघण्यात मुलांची दहा-पंधरा मिनिटे सहज जातात आणि सरबताची तयारीही होते. कालच्या इफ्तारीतल्या खजुराच्या बिया धुऊन वाळवल्या की एकी-बेकी खेळायला चिंचोक्यांइतक्याच छान. दोन-चार बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. कोंब यायला आठवडे लागतात, काहींना येतही नाही. पण मूल रोज उठून डबा उघडून बघते. अगदी तीन वर्षांच्या पोराला प्रत्येकाच्या ताटलीत तीन-तीन खजूर मोजून ठेवायचे काम द्यावे. एखाद्या ताटलीत चार निघाले तर ती त्याची स्वतःची, हे ओळखून गप्प राहावे.

सगळ्यात मोठा खेळ मात्र आभाळात आहे. एका लांब कागदावर तीस गोल काढावेत आणि चंद्र दिसेल तसा रोज एक रंगवावा. तिसावा गोल फक्त ठिपक्यांचा ठेवावा, कारण महिना एकोणतीसचा की तीसचा, हे शेवटच्या संध्याकाळीच कळते. मुलांना ही अनिश्चितता भारी आवडते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. त्यामुळे मगरीबच्या वेळी पश्चिमेला दिसलेली कोर दोन आठवड्यांत पौर्णिमेचा चंद्र होऊन पूर्वेला येते. पुढे तो रात्री उशिरा उगवतो. तेव्हा सहरीला हट्टाने उठलेल्या मुलाला गच्चीवर न्यावे.

या पट्टीत शेजारच्या मुलांनाही घ्यावे. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी आणि रमजानची तारीख ताडून बघण्यात दोन्ही घरांना गंमत वाटते. सतराव्या-अठराव्या रोजाच्या आसपास शेजारी संकष्टी असते. तिथला उपास चंद्र उगवल्यावर सुटतो, इथला सूर्य मावळल्यावर. दोन घरांतली पोरे एकाच संध्याकाळी आभाळाकडे डोळे लावून बसतात! चंद्राच्या हिशेबामुळेच रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2016 साली तो ऐन जूनमध्ये सुरू झाला होता. 2030 मध्ये जानेवारीतही रमजान सुरू होईल आणि डिसेंबरच्या अखेरीसही. एका वर्षात दोन रमजान म्हणजे ईदीही दोनदा का, हा प्रश्न मुले विचारतातच.

शेजारी इफ्तारीचे ताट पाठवताना मुलालाच बरोबर घ्यावे. त्याने काहीही सांडले तरी चालेल. ताट रिकामे परत येत नाही. चिमूटभर साखर किंवा एखादा लाडू त्यात असतोच, आणि त्यावर हक्क नेणाऱ्याचा.

ईद जवळ आली की फितऱ्याचा हिशेब निघतो. ईदच्या नमाजेआधी घरातल्या माणशी ठरावीक वजनाचे धान्य किंवा त्याची किंमत गरजूंना द्यायची असते. रोजा मुलांवर फर्ज नाही, पण फितरा त्यांच्या नावानेही निघतो, पाळण्यातल्या बाळाच्याही. घरातली माणसे मोजायचे काम मुलाला द्यावे. दादी, अब्बा, अम्मी, आपा, सगळे बोटांवर मोजून तो बहुतेक वेळा स्वतःलाच विसरतो. आठवण करून द्यावी, तराजूत त्याच्या वाट्याचा गहू त्यालाच ओतू द्यावा आणि पोचवायला जाताना पिशवीचा एक बंद त्याच्या हातात द्यावा.