ग्राफिक्स कार्ड निवडताना

संगणकावरील खेळ म्हणजे क्षणोक्षणी नव्याने रंगवल्या जाणाऱ्या चित्रांची मालिका असून ती रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची झाल्यास एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्या अवधीत मॉनिटरवरील प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग ठरवावा लागतो. १९२० बाय १०८० मापाच्या सर्वसाधारण मॉनिटरवर असे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, तर फोर-के मॉनिटरवर त्यांच्या बरोबर चौपट. म्हणूनच कार्ड कोणते घ्यावे हे ठरवण्यापूर्वी मॉनिटर कोणता आहे, हे पाहणे भाग असते.

दुकानात मात्र बोलणे सुरू होते ते कार्डाच्या नावापासून आणि मेमरीच्या आकड्यापासून, आणि बहुतेकांची फसगत होते तीही येथेच. कार्डावरील मेमरी, म्हणजेच व्हीरॅम, ही खेळातील भिंती, चेहरे, कपडे यांच्या पृष्ठभागांची चित्रे हाताशी ठेवण्याची जागा होय. ती अपुरी पडली की हा ऐवज संगणकाच्या मुख्य रॅममधून मागवावा लागतो व खेळ अडखळू लागतो, परंतु ती गरजेपेक्षा जास्त असल्याने रंगवण्याचा वेग वाढतो असे नाही. एनव्हिडिया या कंपनीच्या आरटीएक्स ३०६० या कार्डावर १२ जीबी मेमरी होती, तर त्याहून महाग असलेल्या ३०६० टीआयवर केवळ ८ जीबी. तरीही बहुतेक खेळांत टीआय वरचढ ठरले, कारण त्याची चिप अधिक ताकदीची होती आणि चिप व मेमरी यांना जोडणारा मार्गही १९२ऐवजी २५६ बिट रुंद होता.

नावांची कथा तर याहून गमतीची आहे. २०१६मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्याच जीटीएक्स १०६०च्या ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन आवृत्त्यांत फरक फक्त मेमरीचा असावा असे वाटे. प्रत्यक्षात पहिलीत गणना करणारे १२८० गाभे होते आणि दुसरीत ११५२. २०२२मध्ये याच कंपनीने आरटीएक्स ४०८० या एकाच नावाखाली ९७२८ आणि ७६८० गाभ्यांची दोन कार्डे जाहीर केली, तेव्हा एवढी टीका झाली की लहान कार्ड विक्रीपूर्वीच मागे घेण्यात आले आणि २०२३च्या जानेवारीत ते ४०७० टीआय या नावाने बाजारात आले. कार्ड तेच, पाटी वेगळी! तेव्हा नावापेक्षा, आपण जे खेळ खेळतो त्यांच्या स्वतंत्र चाचण्यांत आपल्या मॉनिटरच्या मापाला ते कार्ड सेकंदाला किती चित्रे देते, हा आकडा पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

निवडलेले कार्ड आपल्या संगणकात चालेल का, हेही पाहावे लागते. वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसची क्षमता आणि कॅबिनेटमधील मोकळी लांबी या गोष्टी सहज तपासता येतात; मदरबोर्डचा प्रश्न तितका सरळ नाही. एएमडी या कंपनीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२मधील कमी किमतीचे कार्ड मदरबोर्डशी केवळ चार मार्गिकांनी, म्हणजे लेननी, जोडले जाई. पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर हे निभावून जाई, पण तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर प्रत्येक मार्गिकेची क्षमता निम्मी असल्याने आणि कार्डावर अवघी ४ जीबी मेमरी असल्याने कित्येक खेळांचा वेग लक्षणीय घटे. स्वस्त कार्ड घेऊन जुना संगणक खेळासाठी सज्ज करू पाहणाऱ्या ग्राहकाकडे बहुधा असा तिसऱ्या पिढीचाच मदरबोर्ड असे.