इन्सुलिन थांबतं, गोळ्या थांबत नाहीत

टाइप-१ मधुमेह अनेकदा लहानपणीच गाठतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठते. या पेशींचे पुंजके, म्हणजे आयलेट्स, पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये प्रथम टिपले. स्वादुपिंडाच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. मग तेवढेच दुसऱ्याचे आणून बसवले तर?

बसवता येतात. मेंदूमृत दात्याचं स्वादुपिंड थंड ठेवून प्रयोगशाळेत आणतात, विकर सोडून बंद पात्रात पोलादी गोळ्यांसह हलवतात. ऊती सुटतात, आयलेट्स मोकळे होतात. गाळून-निवडून हाती उरतो तो काही मिलिलिटरचा ऐवज. पिशवी टांगून तो बारीक नळीने यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडतात. बहुधा पोट फाडावं लागत नाही. पेशी यकृतात मूळ धरतात आणि तिथूनच इन्सुलिन स्रवू लागतात.

२००० मध्ये कॅनडातल्या एडमंटनला जेम्स शापिरो यांच्या गटानं सातही रुग्णांचं बाहेरून घ्यावं लागणारं इन्सुलिन असं थांबवलं. जगभर आशा पालवल्या. पण पुढच्या पाहणीत पाच वर्षांनी इन्सुलिनविना राहिलेले सुमारे दहा टक्केच निघाले. तरी अनेकांच्या नव्या पेशी थोडंफार काम करत होत्या आणि साखर एकदम घसरून शुद्ध हरपण्याचा धोका कमी झाला होता. अमेरिकेनं २०२३ मध्ये या उपचाराला मान्यता दिली तीही वारंवार अशी साखर घसरणाऱ्या प्रौढांसाठीच.

मुलांसाठी का नाही? परक्या पेशी टिकवायच्या तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. त्यांच्यासोबत जंतुसंसर्ग, मूत्रपिंडांवर ताण आणि कर्करोगाचा वाढीव धोका येतो. इन्सुलिनवर नीट वाढणाऱ्या मुलाला हा सौदा महागात पडतो.

दात्यांच्या टंचाईवर मूळपेशींचा तोडगा दिसू लागला आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूळपेशींपासून घडवलेले आयलेट्स पूर्ण मात्रेत मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरात सुटलं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मात्र सुटल्या नाहीत. त्याच वर्षी आणखी एक अहवाल प्रसिद्ध झाला: स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत जनुकं बदललेले आयलेट्स सोडले होते. प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध नसताना ते टिकले. मात्रा लहान होती, त्यामुळे त्याचं इन्सुलिन चालूच राहिलं. तरी आईवडिलांनी लक्ष ठेवावं ते या दुसऱ्या वाटेवर.